शेवटच्या शब्दाआधीची जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पोस्टमन आला आणि मी कवी झालो. तसा एकवीस वर्षांपासून आहेच, पण आता लेखी आहे.

पत्र सरांचं. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. घराच्या पुढच्या खोलीतून कवितांची पुस्तकं काढतात, वर्षाला तीन, चौथं कुणी पाया पडलं तरी नाही. यंदाच्या तिनांत माझं 'बॉबिन' आहे. छत्तीस कविता. पत्र चार वेळा वाचलं. मग एका बाईंच्या शिलाई मशीनला तेल घातलं, थोड्या वेळाने त्याच मशीनला पुन्हा तेल घातलं, आणि बाईंना म्हटलं, "आता दहा वर्षं आवाज करणार नाही." पहिल्या चार कपड्यांना डाग पडतील हे सांगायचं राहिलं.

माझ्या मशीन दुरुस्तीच्या दुकानाच्या मागेच घर आहे, मध्ये एक दार. आत जाऊन बायकोला सांगितलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता टेबल बडवायचं थांबेल का?"

कविता करताना मी टेबलावर ताल धरतो. दोनदा बोटाने, एकदा तळव्याने. याला बडवणं म्हणत नाहीत.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग." बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली. एक्क्याऐंशीव्या वर्षी असं व्हायचंच.

पत्राला एक शेपूट आहे. सरांच्या प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी 'कवीची घडण' नावाचं एक पान असतं आणि ते कवीनेच लिहायचं. तीन मुद्दे : घर, श्रद्धा, शाळा. सरांचं म्हणणं, कुठलाही कवी या तीन चुलींवर शिजतो. पान २८ तारखेपर्यंत द्यायचं. पान नाही तर पुस्तक नाही, आणि यात सवलत आजवर कुणाला मिळालेली नाही.

एक पान. मी एका बैठकीत मशीनचं शटल खोलून जोडतो. एक पान म्हणजे काय.

५ फेब्रुवारी, बुधवार

खर्डा पहिला : "प्रस्तुत कवी स्वयंभू आहे. घराने त्याला धंदा देऊ केला, तो त्याने नाकारला. त्याला श्रद्धा नाही. शाळा सातवीत सुटली. तो कुणाकडूनही काहीही शिकलेला नाही."

बायकोला वाचून दाखवला.

"स्वयंभू म्हणजे जमिनीतून आपोआप वर आलेला दगड ना?"

"ते लाक्षणिक आहे."

"दगड लाक्षणिक?"

तिच्याशी साहित्यावर बोलायचं नाही असं मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच ठरवलं होतं. ते पाळायला हवं होतं.

पण वस्तुस्थिती काय आहे? वाचनालयात आठ कपाटं आहेत. पहिल्या कपाटाच्या वरच्या फळीपासून मी सुरुवात केली, आज सहाव्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर आहे. वाच असं कुणी सांगितलं नव्हतं. मशीन दुरुस्तीचंही तेच. पहिलं मशीन उघडलं तेव्हा नऊ स्क्रू काढले आणि आठ बसवले, तरी चाललं. नववा स्क्रू अजून गल्ल्यात आहे. गुरू म्हणून नाव द्यायचंच झालं तर त्याचं देईन.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज सर स्वतः दुकानात आले. मी त्यांना गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं, मग आठवलं की त्याचा एक पाय आखूड आहे. ते पूर्ण वेळ किंचित डावीकडे कलून बोलले.

"तुमच्या छत्तीसही कवितांत एक गोष्ट आहे," त्यांनी हस्तलिखित उघडलं. "हे बघा."

आणि माझी ओळ त्यांनी मोठ्याने म्हटली. माझी ओळ, दुसऱ्याच्या तोंडून.

शटल गेलं पुढं आणि सुई... थांबली
धागा म्हणे, बाई, माझी वाट... लांबली

"शेवटच्या शब्दाआधी एक श्वास रिकामा आहे. प्रत्येक ओळीत. तो काढला तर ओळ लंगडते, मी काढून पाहिला. चाळीस वर्षं मी वृत्तं शिकवली. हे कुठल्याही पुस्तकात नाही. कुठून आणलंत?"

"माझ्यातून."

"अहो, विहिरीलासुद्धा झरे असतात."

"मी विहीर नाही, सर."

"मग काय, टाकी?"

दोघंही हसलो. ते जास्त हसले. म्हणाले, पान नीट झालं तर प्रस्तावनेत या वृत्ताचा स्वतंत्र उल्लेख करीन, नावासकट. नाव तुम्हीच सुचवा.

ते बोलत असतानाच आत आईची संध्याकाळची प्रार्थना सुरू झाली. सर वाक्य अर्धं सोडून मान कलती करून ऐकत राहिले. आधीच स्टूल कलतं, त्यात मान. "आई का तुमच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, हो, माफ करा, आणि उठून मधलं दार लावून घेतलं. इतक्या महत्त्वाच्या बोलण्यात व्यत्यय नको.

सर गेल्यावर काळ्या दोऱ्याची रिळं आणायला निघालो. दोन गल्ल्या पुढे गेल्यावर कळलं की दोऱ्याचं दुकान मागे राहिलं. परत फिरलो तर स्वतःचं दुकान ओलांडून गेलो. रिळं आणलीच नाहीत. वृत्ताची नावं मात्र अकरा सुचली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज 'शाळा' हा मुद्दा घेतला. नि:पक्षपातीपणे लिहायचं ठरवलं.

शाळेने मला काहीही दिलं नाही, कारण मी शाळेत नव्हतोच. बाकावर ताल धरतो म्हणून आमच्या बाई मला रोज बाहेर काढायच्या. "या मुलाला डोक्याच्या जागी हातोडी आहे," त्या म्हणायच्या, आणि अख्खा वर्ग हसायचा. घरी मोठी बहीण, आमची ताई, तीही हसायची. ती त्याच शाळेत दोन वर्ग पुढे होती.

व्हरांड्यात माझी उभं राहायची जागा ठरलेली होती, दोन वर्गांच्या मधला खांब. डाव्या कानाला पाढे आणि उजव्या कानाला ताईच्या वर्गातल्या कविता. चार वर्षं. मे महिन्याची सुट्टी सोडली तर रोज. त्या कविता मला अजून अथपासून इतिपर्यंत पाठ आहेत आणि सत्तावीसचा पाढाही, पण ते वेगळं. त्यात शाळेचा काय संबंध? मी बाहेर होतो.

हेच लिहिलं. बायकोने वाचलं आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"काय?"

"काही नाही. तुमचा चहा निवतोय."

१६ फेब्रुवारी, रविवार

दर रविवारी आईला प्रार्थनाघरात सोडतो आणि ती येईपर्यंत बाहेरच्या बाकावर पेपर वाचतो. ही माझी तत्त्वाची बाब आहे. आज बाकाला ओला रंग होता. उभं राहून पेपर वाचता येत नाही, म्हणून आत गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो. श्रद्धेने नाही, रंगामुळे. पुढे कुणी शोध घेतला तर इथे नोंद असावी.

आणि लाज वाटली. साठ-सत्तर माणसं एका सुरात म्हणतायत,

दिवा लाव आत माझ्या, अंधार जाऊ दे
चुकले मी तर हात तुझा माथ्यावर राहू दे

आणि सगळ्यांची ओळ संपल्यावर एकटी आमची आई मागून म्हणतेय, "जाऊ दे." पुन्हा ओळ संपते, सगळे गप्प, आणि आई, "राहू दे." जिथे कुणीच थांबत नाही तिथे ती थांबते. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून बघितलं. घरी रोज कानावर पडतं, पण चार माणसांत बसल्याशिवाय चूक दिसत नाही.

येताना म्हटलं, "आई, तिथे थांबायचं नसतं. सलग म्हणायचं."

"मी सलगच म्हणते."

"नाही. 'अंधार' म्हणतेस आणि थांबतेस. मग 'जाऊ दे'."

"मग? जागा नको ठेवायला?"

"कुणाला?"

तिने काठीने पुढचा दगड चाचपला आणि म्हणाली, "रस्ता बघ."

वयच झालंय. पण शिकवलं तर सुधारेल. मी एकट्याने इतकं शिकलो, तर तिला शिकवणारा मी आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस आईची शिकवणी घेतोय. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा, वीस मिनिटं. कागदावर मोठ्या अक्षरात प्रार्थना लिहून दिली, आणि ती थांबते तिथे लाल पेन्सिलीने बाण काढले, 'थांबू नये' म्हणून.

"दिवा लाव आत माझ्या, अंधार..."

"थांबू नकोस."

"अंधारजाऊदे." एखादी गोळी गिळावी तसं म्हणाली. मग पुढची ओळ विसरली. तिथून पुन्हा सुरू केलं तर पहिलीच विसरली. साठ वर्षं रोज म्हटलेली प्रार्थना, आणि बाई कागदाकडे बघत बसली. "सोड," म्हणाली, "उद्या येईल."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "एकदा कान देऊन ऐका हो त्यांची प्रार्थना," ती म्हणाली.

"बावन्न वर्षं ऐकतोय."

"म्हणून तर म्हणतेय."

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज संध्याकाळी आईने प्रार्थना म्हटली नाही.

साडेसहा वाजले, दुकानातून कान लावून बसलो होतो. काहीच नाही. आत गेलो तर खुर्चीत बसलेली, कागद मांडीवर उपडा.

"म्हणत का नाहीस?"

"येत नाही," ती म्हणाली. एवढंच. जणू शिंक येत नाहीये.

कविताही होईना. टेबलावर दोन बोटं पडली आणि तळवा हवेतच राहिला. पानाचे खर्डे सात झालेत, सातही टोपलीत. अपचन असावं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताईचा फोन आला. म्हणजे बायकोने आधी तिला केलेला असणार.

"आईची प्रार्थना बंद पाडलीस म्हणे," ताईने सुरुवातच अशी केली. "नास्तिक आहेस हे माहीत होतं, एवढा कामसू नास्तिक असशील असं वाटलं नव्हतं."

"मी दुरुस्त करत होतो. ती भलतीकडे थांबते."

"भलतीकडे? अरे शहाण्या, आपण एका खोलीत राहायचो ना? बाबा कोपऱ्यात पेट्या करायचे."

हे मला माहीत आहे. बाबा पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. ही माहिती वाचनालयाच्या कपाटांत मिळत नाही, पण माहीत आहे.

"आईची प्रार्थना साडेसहाला," ताई म्हणाली, "आणि साडेसहालाच बाबांचं पत्रे जोडायला रिबिट ठोकायचं काम. ते म्हणायचे, देवासाठी हात थांबवणार नाही. ती म्हणायची, पत्र्यासाठी तोंड थांबवणार नाही. रिबिटाला दोन हलके ठोके आणि एक जड. हलके तिच्या ओळीत मुरायचे, पण जड पडला की शब्द बुडायचा. मग ती थांबायला लागली. जड ठोका पडू द्यायचा, मग शेवटचा शब्द. आणि पुढे पुढे बाबाच तिच्या शब्दासाठी हातोडी वर धरून थांबायचे. देवासाठी नाही हं, स्पष्ट सांगायचे. तू त्यांच्या पायाशी पत्र्याचे तुकडे घेऊन बसलेला असायचास. तुला खरंच आठवत नाही?"

"योगायोग आहे," मी म्हटलं.

"कसला योगायोग?"

तिने माझ्या कविता ऐकलेल्या नाहीत. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, आणि फोन ठेवला. गिऱ्हाईक नव्हतं. हस्तलिखित काढलं आणि दार लावून मोठ्याने वाचायला बसलो, रिकाम्या श्वासाच्या जागी तळवा आपटत. एकाही कवितेत नसेल तर योगायोग. निम्म्यांत असेल तर विचार करू.

छत्तीसपैकी छत्तीस. ओळी चारशे बत्तीस. तळवा लाल झाला. मग तसाच स्टुलावर बसलो, आखूड पायाच्या, आणि हसू यायला लागलं. थांबेना. एकवीस वर्षं मी एका पत्र्याच्या ट्रंकेत बसून सांगतोय की मी उघड्यावर जन्मलो.

बायकोने दार उघडून बघितलं आणि काही न विचारता पुन्हा लावून घेतलं. तिला केव्हापासून माहीत होतं, हे विचारायचं धैर्य आज नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुकानाच्या दाराला अडकण म्हणून जी हातोडी लावतो ती बाबांची आहे. दांडा एकदा बदललेला, डोकं तेच. आणि सुटे भाग ठेवतो ती ट्रंकही त्यांनीच केलेली, शेवटून दुसरी. दोन्ही वस्तू रोज हाताळतो. 'घर' या मुद्द्याखाली मी यांचा उल्लेख सातही खर्ड्यांत केला नव्हता.

साडेसहाला ट्रंक रिकामी केली, उपडी घातली आणि मधलं दार सताड उघडं ठेवलं. प्रार्थना आता नाहीच आली तर? साठ वर्षांची वस्तू मी तीन दिवसांत मोडली असेल तर? मशीनचे स्क्रू पुन्हा बसवता येतात.

ठक ठक. ठाण.

आत काही नाही. स्वयंपाकघरात वाजणारी भांडीही थांबली.

ठक ठक. ठाण.

खुर्ची करकरली.

ठक ठक...

"दिवा लाव आत माझ्या, अंधार..."

ठाण.

"...जाऊ दे."

माझ्या हाताला काही विचारावं लागलं नाही. पूर्ण प्रार्थना, बावीस ओळी, कागदाशिवाय. दोनदा मी चुकून उशिरा ठोकलं तर तिने तशीच वाट बघितली, आणि एकदा मलाच हातोडी वर धरून थांबावं लागलं, कारण तिला दम लागला होता. प्रार्थना संपल्यावर आतून आवाज आला.

"हात हलका आहे तुझा. त्यांचा नव्हता."

"मी शिकेन," मी म्हटलं.

हे वाक्य मी मोठेपणी पहिल्यांदाच म्हटलं. बायकोने आतून म्हटलं, "तारीख लिहून ठेवा." ठेवली आहे, वर.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक दिवस आधी पान नेऊन दिलं. सरांनी चष्मा लावून माझ्यासमोरच वाचलं :

"घर : एक खोली. एका कोपऱ्यात वडील पत्र्याच्या ट्रंकांना रिबिट ठोकत, दुसऱ्या कोपऱ्यात आई प्रार्थना म्हणे, आणि दोघांपैकी कुणीही थांबायला तयार नव्हतं. श्रद्धा : आईला होती, वडिलांना नव्हती. दोघांनी एकमेकांसाठी ओळीत जागा ठेवली. कवी त्या जागेत वाढला. शाळा : वर्गाबाहेर, दोन वर्गांच्या मधला खांब. दोन्हीकडचं ऐकू येई. ताई हसत असे, पण कविता मोठ्याने म्हणे."

"आणि वृत्ताचं नाव?"

अकरा नावं खिशात होती. त्यांतल्या नवांत माझं स्वतःचं नाव येत होतं. चिठ्ठी बाहेर काढलीच नाही.

"रिबिट," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला. "पंडित हसतील."

"हसू देत. मात्र सर, एक बारीक गोष्ट. ठोका बाबांचा, थांबणं आईचं, पण त्यात सुई आणि धागा कुणी घातला, तेवढं प्रस्तावनेत यावं."

"येईल," सर म्हणाले. "टाकीच्या तळाशी झरा लागला, तेही लिहितो."

१५ मार्च, शनिवार

'बॉबिन' आलं. पहिली प्रत हातात घेतली आणि बांधणीचे टाके मोजले. एक टाका सैल आहे. सांगितलं नाही.

संध्याकाळी सरांच्या पुढच्या खोलीत वाचन झालं. तेवीस खुर्च्या आणि माणसं एकतीस, त्यांत तीन माझी मशीनवाली गिऱ्हाइकं. तेल घातलेल्या बाईही आल्या होत्या, ब्लाउजच्या खांद्यावर डाग घेऊन. त्यांनी तो मला दाखवला आणि सही मागितली. ताई आली. आई पहिल्या रांगेत काठी घेऊन.

पहिली कविता सुरू केली. "शटल गेलं पुढं आणि सुई..."

ठाण. आईची काठी फरशीवर.

"...थांबली," मी म्हटलं.

कुणीतरी फिसकन हसलं. मी दुसरी ओळ घेतली आणि त्याच जागी पुन्हा ठाण. तिला कुणी सांगितलं नव्हतं. कविता तिने पहिल्यांदाच ऐकल्या. तिसऱ्या कवितेला ताईची चप्पल सुरू झाली, पाचवीला सर टेबलावर तळवा आपटत होते, चाळीस वर्षं मुलांना ज्यासाठी वर्गाबाहेर काढलं असेल त्याच आवाजात, आणि सातवीपर्यंत सगळी खोली ट्रंकेसारखी वाजायला लागली. शेजारचे गृहस्थ विचारायला आले की कसलं काम चाललंय. त्यांनाही बसवून घेतलं. बायको भिंतीला टेकून उभी होती. मी बघितलं तर तिने ओठांनीच विचारलं, "स्वयंभू?" माझी ओळ चुकणार होती, काठीने सावरली.

शेवटची कविता बाबांवरची होती, गेल्या आठवड्यात छापखान्याच्या दारात जाऊन घुसडलेली, सदतिसावी. तिच्या शेवटच्या ओळीतल्या जागेला मी आलो आणि थांबलो.

काठी पडली नाही.

आईने ती दोन्ही हातांनी वर धरली होती आणि माझ्याकडे बघत होती. सगळे तळवे, सगळ्या चपला वर राहिल्या. शेजारच्या गृहस्थांचाही हात वर होता. ती माझ्या शब्दासाठी थांबली होती.

वाचन सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं, छत्तीस कवितांना बावन्न मिनिटं लागली. त्या जागेत आम्ही किती वेळ होतो, ते मोजायचं राहिलं.